राजगड ते तोरणा, शेवटून पहिली

राजगडावरून तोरण्याला जायचं ठरलं तेव्हा आमच्या लीडरने मला टेल दिली. म्हणजे सगळ्यांत शेवटी चालायचं. माझ्या मागे आपलं कुणी राहता कामा नये, काम एवढंच. नवीन आलेल्यांना वाटतं, ही जागा दमणाऱ्या माणसाला देतात. प्रत्यक्षात उलट असतं. टेलवाल्याला स्वतःच्या चालीने चालताच येत नाही, आणि कुणी मागे पडलं की त्याची सॅकही बहुतेक वेळा याच्याच पाठीवर येते. पुढच्यांना गड दिसतो, टेलवाल्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात. आणि ते काय काय करून गेले तेही दिसतं.

मी मूळची टेकडीवाली. घर कोथरूडला, त्यामुळे सकाळी वेताळ टेकडी ठरलेली. शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. तिथे कुणी कुणाला डोंगरातल्या वागण्याचे धडे देत नाही, पण पाहून पाहून कळत जातं. उन्हाळ्यात आजोबा मंडळी घरून दोन-दोन लिटरच्या बाटल्या आणून रोपांना घालतात. त्यांच्या शेजारून फोनवर मोठ्याने गाणी लावून जायला तरण्या पोरांनाही संकोच वाटतो. मोरांना शेव-बिस्किटं घालणारे मात्र तिथेही भेटतात. त्यांना समजावण्यात माझ्या बऱ्याच सकाळी गेल्या आहेत, उपयोग शून्य.

टेलची तयारी मात्र टेकडीवर होत नाही. त्यासाठी सिंहगड. स्वारगेटहून पन्नास नंबरची बस पकडायची, पायथ्याला उतरायचं आणि आतकरवाडीतून चढायला लागायचं. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक. लीडरने सांगितलं होतं, ‘ताई, वर किती वेळात पोचलात ते मला सांगू नका. समोर जो सगळ्यांत हळू चालतोय त्याच्या मागे चाला, आणि त्याला न ओलांडता वर या.’ हे प्रकरण फार अवघड निघालं. रविवारी सिंहगडावर पुणं लोटलेलं असतं. घड्याळ लावून पळत चढणारे, पळत उतरणारे, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, नऊवारीतल्या आज्या. हळू चालणाऱ्याच्या मागे राहायचं म्हटलं की पाय आपोआप पुढे ओढतात. आपण मागे उभे आहोत हे त्याला जाणवलं की तो बिचारा धापा टाकत वेग वाढवतो, आणि पुढच्या वळणावर बसतो. म्हणून चार-पाच पावलं अंतर ठेवायचं. तो थांबला की आपणही थांबायचं, पण त्याच्याकडे पाहायचं नाही. खाली खडकवासल्याचं पाणी पाहायचं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची. हा अभिनय मला चांगला जमायला लागला.

अरुंद वाटेवर समोरासमोर आलं तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. चढणाऱ्याची लय तुटली की ती परत धरायला जड जातं, म्हणून. पण थांबायचं कुठे, हे फारसं कुणी सांगत नाही. डोंगराच्या अंगाला थांबायचं, दरीच्या अंगाला नाही. घाईतल्या माणसाच्या सॅकचा नुसता धक्का पुरतो. आणि जिथे पाय नीट टेकतो तिथेच थांबायचं. नियम पाळायच्या नादात एखादा घसाऱ्यावर उभा राहून ‘या, या, तुम्ही या’ म्हणत असतो आणि त्याच्या पायाखालचे खडे वाट दिलेल्या माणसाच्या डोक्यावर जात असतात.

ट्रेकचा मेसेज ग्रुपवर आला तो नेहमीसारखाच होता. पाणी किमान तीन लिटर, कारण दोन गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या धारेवर पाण्याची खात्री नाही. टॉर्च, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चांगल्या ग्रिपचे बूट, घरचा डबा. नको असलेल्यांत स्पीकर, अत्तर, सेंट आणि ड्रोन. अत्तरावरून एका मुलीने विचारलंच, एवढं कशासाठी? आग्या मोहोळांसाठी. सह्याद्रीतल्या कड्यांना ही पोळी लटकलेली असतात. उग्र वास, धूर, भिरभिरणारा आवाज यांनी माश्या उठतात. उठल्या की हात झटकायचे नसतात. तोंड-मान कापडाने झाकून, आरडाओरडा न करता तिथून लांब जायचं. ‘आग पेटवली की माश्या पळतात’ म्हणून शेकोटी लावणारे वीर असतात. धुराने माश्या उठतात आणि पळावं आपल्यालाच लागतं.

आम्ही सोळा जण होतो. माझ्या मते ही वरची मर्यादा. पन्नास-साठ जणांना घेऊन निघालेलं लग्नाचं वऱ्हाड आम्हाला पुढे धारेवर भेटलं. त्याबद्दल नंतर.

टेम्पो ट्रॅव्हलर शनिवारी रात्री निघाली. नसरापूर फाट्याला हायवे सोडला, मार्गासनीवरून डावीकडे वळून साखरमार्गे गुंजवण्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाडी थांबायच्या आधी लीडरने सगळ्यांना सांगितलं, दारं आपटायची नाहीत, घोषणा द्यायच्या नाहीत, हेडटॉर्च कुणाच्या खिडकीवर मारायचा नाही. एकाने हळूच म्हटलं, गडाच्या पायथ्याशी ‘हर हर महादेव’ नाही म्हणायचं? लीडर म्हणाला, ‘सकाळी वर म्हण. इथल्या माणसांना पहाटे उठून धारा काढायच्या असतात.’ दर शनिवारी रात्री बारा वाजता कोथरूडच्या एखाद्या सोसायटीखाली येऊन कुणी गर्जना केली तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला. पोलीस येतील.

ज्यांच्या ओसरीवर झोपलो त्यांनी पहाटे साडेचारला चहा-पोहे दिले. रात्रीची झोपायची सोय आणि सकाळचा नाश्ता यांचा दर आधी फोनवर ठरला होता. तरी एक जण ‘सोळा जण आहोत, काहीतरी कमी करा’ म्हणायला गेलाच. त्याच मुलाने वाटेत हायवेच्या हॉटेलात पाण्याच्या बाटलीसाठी आणि वेफर्ससाठी काहीही न बोलता पैसे मोजले होते. मी काही बोलले नाही, लीडरने मोजून पैसे दिले आणि विषय संपला.

निघताना नंबर लावले. प्रत्येकाला एक आकडा, लीडरचा एक, माझा सोळा. थांबलो की पुढून आवाज द्यायचा, ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’. माझा ‘सोळा’ ऐकू आला की लीडरला कळतं, सगळे आहेत. अंधारात चेहरे मोजण्यापेक्षा हे सोपं. कुणी शेजारच्यासाठी आकडा म्हणायचा नाही, हे मात्र घोकून घ्यावं लागतं. ‘अरे तो आहे रे मागे’ यावर विश्वास ठेवला की माणूस हरवतो.

गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट आधी झाडीतून जाते, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. धरायला रेलिंग आहे. एका वेळी एकानेच चढायचं, आणि वरच्याच्या पायातून दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. केवढाही बारीक असो. ओरडायला लाजणारी माणसं असतात, त्यांना वाटतं आपली चूक उघडी पडेल. खालच्याने आवाज ऐकून वर बघायचं नाही, मान घालून कातळाला चिकटायचं. दरवाजा एवढा बुटका की वाकूनच आत जावं लागतं. आत गेलं की समोर पद्मावती तलाव. डिसेंबरातला उजेड नुकताच फुटत होता, सूर्य उगवायला अजून वेळ होता.

राजगडाबद्दल मी काय सांगणार. पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे तटबंदी घातलेल्या लांब सपाट्या, मध्ये बालेकिल्ला. राजाराम महाराजांचा जन्म इथलाच, १६७० सालचा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यांत राजगड आहे. तोरणा नाही. त्यावर आमच्यातल्या दोघांचं भांडण थेट संजीवनी माचीपर्यंत चाललं. तोरणाप्रेमी फार हळवे असतात.

तलावाच्या काठावर दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपमधला एक तरुण तोंडाला फेसवॉश लावून उभा होता. आमच्यातली एक मुलगी तरातरा निघाली त्याला सुनवायला. लीडरने तिला थांबवलं, स्वतः बाटली घेऊन त्याच्या शेजारी गेला आणि म्हणाला, ‘दादा, हे बाटलीतलं पाणी घ्या आणि तिकडे लांब जाऊन तोंड धुवा, हे पाणी खराब होतंय.’ तो मुलगा ओशाळून बाजूला गेला. गडावर अनोळखी माणसाला टोकायचं तर आधी हातात काहीतरी द्यावं, पाणी, कचऱ्याची पिशवी, काहीही. नुसता उपदेश घेऊन गेलं की वाद होतो, मग त्याचा व्हिडिओ होतो.

संजीवनी माची लांबलचक आहे. चिलखती तटबंदी, म्हणजे एकात एक दुहेरी भिंती आणि मध्ये खोल अरुंद पोकळी. या भिंतींवरून चालत फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. चुन्यातले, मातीतले दगड साडेतीनशे वर्षं पावसात उभे आहेत. त्यांच्या कडेवर उडी मारून काय सिद्ध होतं, मला कळत नाही. भिंतीच्या आतून चालायची वाट आहे, ती तशी चालण्यासाठीच आहे. अळू दरवाजातून आम्ही बाहेर पडलो आणि खरा दिवस तिथे सुरू झाला.

दरवाजातून खाली उतरताना घसारा लागतो. सुकलेलं गवत, त्याखाली सुटे खडे. इथे लोक आधाराला कारवी धरतात. सात वर्षांनी एकदा फुलणारी ती कारवी, वाळली की तिची काठी मुळासकट हातात येते. धरणारा जातो आणि कारवीही जाते. त्यापेक्षा बसून उतरलेलं बरं. पँट फाटली तर फाटली. दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही हेही इथेच सांगावं लागतं, कारण फुरसं, म्हणजे विषारी साप, अशाच जागी ऊन खात बसतं आणि दगडाच्या रंगाचंच असतं.

धारेवर आलो आणि पुढच्या मुलांनी वेग घेतला. जिममध्ये जाणारी पोरं, सकाळचा गारवा, समोर तोरणा. अर्ध्या तासात पुढचे आणि मागचे यांत डोंगराचं एक वळण पडलं. माझ्या पुढे दोघं होती, पन्नाशीतले एक काका आणि पहिल्यांदाच लांबच्या ट्रेकला आलेली एक मुलगी. आम्ही पोचायचो तेव्हा पुढचे बसलेले असायचे, पाणी पिऊन, चिक्की खाऊन झालेली. आम्ही दिसलो की कुणीतरी म्हणायचं, ‘चला, आले सगळे,’ आणि उठायचे. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला दहा मिनिटं, आणि जो सगळ्यांत दमलाय त्याला शून्य. प्रत्येक ट्रेकला हे होतं, आणि हळू चालणाऱ्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्याला बसायलाच मिळालेलं नसतं!

मी पुढे निरोप पाठवला. लीडरने तिथल्या तिथे नियम केला, विश्रांती शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. आणि त्या मुलीला स्वतःच्या मागे, दुसऱ्या नंबरवर घेतलं. हा जुना उपाय आहे, हळू चालणाऱ्याला पुढे घ्यायचं. तो पुढे असला की सगळ्यांची चाल त्याच्याप्रमाणे बसते आणि त्यालाही मागे राहिल्याचा घोर नसतो. पहिल्या दहा मिनिटांत जिमवाले कुरकुरले. तासाभराने त्यांनाच बोलायला दम उरला होता म्हणून गप्पा रंगल्या.

आणखी एक गोष्ट टेलने करायची नसते. ‘आलंच आता’, ‘पाचच मिनिटं’ असं म्हणायचं नाही. एकदा ते पाच मिनिटं अर्धा तास निघालं की पुढे तुमचा शब्द कुणी धरत नाही. काकांनी विचारलं, किती राहिलं? मी म्हटलं, ‘खिंडीपर्यंत अजून दोन टेकाडं, तास-सव्वा तास.’ त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. माणसाला खरा आकडा पचतो.

मुलींसाठी एक पद्धत आमच्याकडे पक्की आहे. कुणाला आडोशाला जायचं असलं तर ती टेलला सांगते आणि आपली सॅक वाटेवर ठेवते. वाटेवर सॅक आहे याचा अर्थ मालकीण मागे आहे, सॅक उचलेपर्यंत टेल तिथून हलत नाही. कुणी ‘काय झालं’ म्हणून विचारत नाही. पाण्याच्या जागेपासून साठ-सत्तर मीटर तरी लांब जायचं, वीतभर खड्डा करून नंतर माती लोटायची, कागद आणि पॅड काळ्या पिशवीत घालून परत आणायचे. हे बोलायला लाज वाटते म्हणून बोललं जात नाही, आणि मग प्रत्येक टाक्याच्या मागे पांढरे कागद दिसतात. सॅकमध्ये एक जास्तीची पिशवी आणि एक छोटी खुरपी मी ठेवतेच, मागितली तर बंद हातात देते.

तिसऱ्या टेकाडाच्या अलीकडे वाट फुटते. मळलेली वाट धारेवरून जाते, आणि तिच्याइतकीच रुंद एक ढोरवाट डावीकडे गवतात उतरते. गुरं रोज जातात, त्यामुळे ती जास्तच ठसठशीत. मी तिथे पोचले तर ढोरवाटेवर, बरीच खाली, एक निळी आणि एक केशरी सॅक. नंबर नऊ आणि दहा, गप्पांत गुंगलेले. शिट्टी फुंकली, तीन वेळा, आमची ठरलेली खूण. ते थांबले, वर पाहिलं, परत आले. ओरडलं असतं तर वाऱ्यात ऐकू गेलं नसतं. शिट्टीला दहा-वीस रुपये पडतात आणि ती सॅकच्या आत नाही, खांद्याच्या पट्ट्यालाच लावायची असते. पुढच्या थांब्यावर लीडरने दुसरा नियम आणला, जिथे वाट फुटते तिथे प्रत्येकाने मागचा माणूस दिसेपर्यंत उभं राहायचं. दिसला की निघायचं. बाण रंगवायची, दगडावर खडूने लिहायची गरज पडत नाही.

वऱ्हाड भेटलं ते इथेच, समोरून तोरण्याकडून येताना. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, दोन स्पीकर, दोन वेगळी गाणी. आम्ही डोंगराच्या अंगाला उभे राहिलो आणि ते जात राहिले, जात राहिले. त्यांच्या शेवटी कुणीच नव्हतं. म्हणजे दोन मुलं होती, पण ती टेल नव्हती, नुसतीच राहिलेली होती. त्यातल्या एकाच्या हातात सिगारेट. डिसेंबरातलं गवत, वारा, धार. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, ही विझव आणि थोटूक माझ्याकडे दे.’ वयाचा फायदा असा कधीतरी होतो. त्याने दिलं. मी बाटलीतलं पाणी ओतून ते डबीत टाकलं. त्यांच्याकडे पाणी संपलं होतं, म्हणून अर्धा लिटर दिलं आणि पुढे घर कुठे लागेल ते सांगितलं. त्यांचा लीडर कोण हे त्यांना सांगता येईना. पैसे ऑनलाइन भरले होते म्हणे.

खिंडीत वेल्हे-भुतोंडे रस्ता ओलांडावा लागतो. इथून गाडीने वेल्ह्याला जाता येतं, म्हणून लीडरने आधीच ठरवलं होतं, एकच्या आत इथे पोचलो तरच तोरणा चढायचा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि वेल्ह्याकडचा उतार लांब आहे. आम्ही वेळेत होतो. पण काका उतारावर पाऊल आडवं टाकायला लागले होते, काठीवर भार जास्त, बोलणं कमी. मागून चालताना हे दिसतं, पुढून दिसत नाही. मी लीडरला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने काकांना विचारलं, ‘गुडघा काय म्हणतो?’ काका म्हणाले, ‘चढेल. उतरणार नाही.’ एवढ्या स्वच्छ शब्दांत आपल्या शरीराबद्दल बोलणारी माणसं कमी असतात.

त्यावर कुणीतरी म्हणालंच, अहो एवढं आलात, आता थोडक्यासाठी... लीडरने फक्त बघितलं, तो गप्प झाला. परत फिरायचं म्हणणाऱ्याला आग्रह करणं यासारखी वाईट सवय डोंगरात दुसरी नाही. लग्नाच्या पंगतीत ठीक आहे. एक अनुभवी मुलगा काकांबरोबर राहिला, ट्रॅव्हलरवाल्याला फोन लागला, तो वेल्ह्याहून येऊन दोघांना घेऊन गेला. आता मोजणी चौदाची. सगळ्यांना नवे नंबर दिले, कारण जुनेच ठेवले तर मधले दोन गाळायला विसरतात आणि गोंधळ होतो.

खिंडीच्या पुढे वस्तीवरच्या एका घरी ताक आणि लिंबू सरबत मिळतं. मी पोचले तेव्हा पुढचे पिऊन उठले होते, पण नियमाप्रमाणे पुन्हा बसले. घरातल्या मावशी म्हणाल्या, ‘बसा निवांत. घाई कशापायी?’ मग पेला भरता भरता सांगायला लागल्या. ‘रविवारी लई माणूस येतं. आमी न्हाई म्हनत न्हाई, चार पैसं मिळत्यात. पर झऱ्यावर साबण लावत्यात वो. ढोरं पीत न्हाईत मग ते पानी.’ हे त्यांनी पुढच्यांना सांगितलं नव्हतं. घोळक्याला असं सांगता येत नाही, एकट्या बसलेल्या बाईला सांगता येतं. घरामागे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होता. ‘ह्ये कोन नेनार?’ म्हणाल्या. बरोबर प्रश्न आहे. गावात कचऱ्याची गाडी येत नाही. आम्ही ‘कचरा पायथ्याच्या गावात टाकू’ म्हणतो तेव्हा तो त्यांच्या अंगणात टाकत असतो. आमचा कचरा आम्ही पुण्यापर्यंत आणला, मावशींच्या ढिगातला सॅकमध्ये मावला तेवढाही. गड स्वच्छ करतानाचे फोटो मी फार पाहिले आहेत. त्यापेक्षा ज्याने ट्रेकला एकही विकतची बाटली आणली नाही तो मला जास्त आवडतो.

बुधला माचीकडचा चढ उन्हात आला. इथे जिमवाल्यांतल्या सगळ्यांत दणकट मुलाच्या पोटरीत गोळा आला. सकाळपासून तो नुसतं पाणी पीत होता, खात काही नव्हता. घाम तर वाहतच होता. पाय सरळ करून पंजा त्याच्याकडे वळवला, पोटरी चोळली, ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून घोट घोट दिलं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट घालतात लोक, तसं नाही करायचं. त्याची सॅक दुसऱ्या एका मुलाने घेतली. माझ्यासाठी ठेवली नाही याचं मला बरं वाटलं. वीस मिनिटांत तो उठला. सकाळी जो सगळ्यांत पुढे होता तो आता माझ्यापुढे एक पाऊल टाकत होता, आणि खूप प्रश्न विचारत होता. हे झाड कुठलं, तो पक्षी कुठला. पुढे असताना त्याला हे काही दिसलं नव्हतं.

कातळटप्प्याला लोखंडी शिडी आहे. एक जण वर पोचून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. खाली थांबलेल्यांनी शिडीच्या रेषेत उभं राहायचं नाही. काठ्या बंद करून सॅकला बांधायच्या. चौदा माणसांना वेळ लागला, आणि तो लागू दिला. वर गेलं की बुधला माची, तिथून कोकण दरवाजा, मग मेंगाई देवीचं देऊळ. तोरणा सुमारे १४०० मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच गड. देवळाच्या सावलीत डबे उघडले. बूट बाहेर काढा, असं सांगावं लागलं नाही. आत कुणी झोपलं होतं, म्हणून सगळे कुजबुजत जेवले. घोषणा द्यायची राहिलीच होती, ती बाहेर येऊन कड्यावर दिली, मनसोक्त, मीसुद्धा.

बिनी दरवाजातून वेल्ह्याकडे उतरणारी डोंगराची सोंड उघडी आणि लांब आहे. उतारावर ग्रुप फार ताणला जातो, कारण गाव दिसत असतं. दिसणारं गाव दीड-दोन तास दिसतच राहतं. इथे वळणं तोडून सरळ खाली पळायचा मोह होतो. त्या सरळ रेषांतून पावसात पाणी वाहतं, वाट खचते, पुढच्या वर्षी तिथे घळ झालेली असते. मी शेवटी असल्यामुळे कुणी वळण तोडलं की मला मातीत ताजी खूण दिसायची. नाव घेऊन हाक मारली की पुरायचं. तिसऱ्या हाकेनंतर कुणी वळण तोडलं नाही.

वेल्ह्यात चौदा नंबर झाले, मग गाडीत बसलेले दोन धरून सोळा. काकांनी सगळ्यांसाठी भजी सांगून ठेवली होती.

पुढच्या ट्रेकसाठी मी सॅकमध्ये थोडे बदल केलेत. क्रेप बँडेज एकाऐवजी दोन. ओआरएसची पाकिटं जास्त, कारण लागतात ती नेहमी दुसऱ्यालाच. थोटकांची डबी आता कायमची. आणि लीडरला सांगून ठेवलंय, खिंडीजवळच्या मावशींकडे जायच्या आदल्या दिवशी फोन करून किती जण येणार ते कळवायचं, म्हणजे त्यांना तेवढंच विरजण लावता येईल. मागच्या वेळी शेवटच्या तिघांना ताक उरलं नव्हतं, सरबत प्यावं लागलं. त्या तिघांत मी होतेच.